मराठी कीबोर्डवर अडलेला खेळाडू

भाचीच्या लॅपटॉपवर माझा ब्राउझर गेम उघडला, तर खेळाडू जागचा हलेना. तिचा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळरचनेवर होता. तिथे 'डब्ल्यू' दाबलं की 'ै' उमटतं, 'ए' दाबलं की 'ो'. खेळाडू हलवायला माझा कोड मात्र इंग्रजी अक्षराची वाट बघत होता.

१. कीडाउन (बटण दाबल्याची घटना) आणि कीअप (सोडल्याची), दोन्हींत 'इव्हेंट डॉट की' (उमटलेलं अक्षर) ऐवजी 'इव्हेंट डॉट कोड' (दाबलेलं बटण) तपासा.
२. तुलना खेळाडू हलवायच्या चार बटणांशी, 'कीडब्ल्यू', 'कीए', 'कीएस', 'कीडी' यांच्याशी करा. ही नावं बटणाच्या जागेची आहेत; भाषा बदलली तरी तीच राहतात. कॅप्स लॉकचा घोळही यातच मिटतो.

बाणांची बटणं सोबत द्याच, लहान मुलांचं बोट आधी तिकडेच जातं.

एक जपा: नाव लिहायच्या रकान्यात कर्सर असताना ही तपासणी थांबवा, नाहीतर नाव टाइप करतानाच खेळाडू पळत सुटेल.