व्हिएतनामला चाललाय? मग तो ढोल नीट बघून या

मुंबईहून हानोईचं तिकीट काढलंत की समुद्रातल्या डोंगरांचा 'हा लाँग बे' आणि होई आन गावचे कंदील तुम्ही बघणारच, ते मी सांगायला नको. हानोईच्या राष्ट्रीय इतिहास म्युझियमला मात्र निदान दोन तास ठेवा, आमच्या टूरवाल्याने वीस मिनिटं दिलेली आणि त्यातली दहा वॉशरूमच्या लाइनीत गेली.

आत गेलात की आधी न्गॉक लू गावचा ढोल शोधा. गणपतीतला ढोल डोळ्यासमोर आणू नका, ह्याला चामडं नाहीच, अख्खा ब्राँझचा ओतीव, व्यास साधारण 79 सेंटीमीटर. वरचा भाग मधून बाहेर वाचत जायचा, मध्ये 14 किरणांची चांदणी, मग गोल गोल पट्ट्यांत पिसांचे मुकुट घातलेली माणसं, घरं, हरणं, लांब चोचीचे पक्षी, सगळे घड्याळाच्या उलट दिशेने निघालेले. दोघं जण उभ्याने मुसळाने कांडतायत तेही शोधा, मला तर गावचं उखळ आठवलं.

आता एवढं कौतुक कशाला? 1924 मध्ये मा नदीकाठी डोंग सोन गावात असली ब्राँझची भांडी-हत्यारं निघाली तेव्हा फ्रेंच अभ्यासकांचा सूर असा की ही कला बाहेरून, चीनकडून वगैरे आली असणार. 1954 ला फ्रेंच राजवट संपल्यावर हानोईच्या अभ्यासकांनी स्वतः खोदायला घेतलं, 1959 ला फुंग न्गुयेन ही डोंग सोनहून जुनी वस्ती सापडली, आणि थराला थर जुळवत त्यांनी दाखवलं की हे काम लाल नदीच्या खोऱ्यातच वाढत गेलंय. तेव्हापासून हा ढोल म्हणजे त्यांच्यासाठी घरच्या सातबाऱ्यासारखा.

फक्त गाइड हुंग राजांची, म्हणजे व्हिएतनामच्या दंतकथेतल्या पहिल्या राजांची, गोष्ट सांगायला लागला की कान टवकारा. दंतकथेत ते राज्य इ.स.पू. 2879 चं, ढोल मात्र दोन-अडीच हजार वर्षांचे, मधली दोन हजार वर्षं गाइड एका वाक्यात उडवतो. हुंग राजांच्या नावाने 2007 पासून सरकारी सुट्टी आहे, त्यामुळे तिथे वाद घालू नका, मनात हिशोब ठेवा.

मध्य व्हिएतनाममधल्या 'मी सोन'च्या जुन्या देवळांना जाणार असाल तर आधी एक रविवार घारापुरी करून या. 'मी सोन'लाही शिवमंदिरं, संस्कृत शिलालेख, 2020 मध्ये आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याला काम करताना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं. पण "अरे हे तर आपलंच" असं ओरडू नका प्लीज, ती देवळं चाम लोकांनी बांधली आणि ते लोक आजही व्हिएतनाममध्ये राहतात. आणि सकाळी लवकर निघा, दुपारी त्या विटा जाम तापतात.