उन्हाळ्यात टोमॅटोला फळ धरायचं तर आधी कळ्या सांभाळा

झाड हिरवंगार, घोसच्या घोस फुलांनी लगडलेले, आणि सकाळी पाहावं तर कुंडीभोवती पिवळ्या फुलांचा सडा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टोमॅटो असलेल्यांना हे चित्र ओळखीचं आहे. अशा वेळी हात पहिल्यांदा खताकडे जातो. तो आवरा. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर झाड पानांवर जातं, फळ धरत नाही.

दिवसाचं तापमान 32 ते 35 अंशांवर गेलं आणि रात्रीही ते 22-24 अंशांच्या खाली उतरेना, की परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल फळ न धरता गळतं. कळीत पराग घडतात ते फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी, आणि उष्णतेचा सगळ्यात मोठा घाव तेव्हाच बसतो. म्हणजे आज देठाच्या सांध्यापाशी पिवळं पडून गळलेलं फूल गेल्या आठवड्यातच बिघडलेलं असतं. म्हणून आज केलेल्या उपायाचं फळ दहा-बारा दिवसांनी दिसतं. चार दिवसांत काही फरक नाही म्हणून उपाय सोडू नका.

पहिलं काम सावलीचं. 35 ते 50 टक्के ऊन अडवणारं शेडनेट झाडापासून हात-दीड हात उंच बांधा. सकाळचं ऊन मिळू द्या, अकरा ते चार मात्र जाळी हवी. संध्याकाळी ती गुंडाळून ठेवा, म्हणजे रात्री उष्णता मोकळी निघून जाते.

गच्चीवर खरी अडचण रात्रीची असते. दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडल्यावरही धग सोडत राहतो, आणि ती थेट मुळांना लागते. कुंड्या विटांवर ठेवा. काळ्या कुंडीला बाहेरून चुना लावा किंवा गोणपाट गुंडाळा. ऊन उतरलं की स्लॅबवर पाणी मारा. महागड्या टॉनिकपेक्षा मला या साध्या कामांवर जास्त भरवसा आहे.

पाणी पहाटे, मुळांपर्यंत पोचेल इतकं. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही, टिकला पाहिजे, चिखल नको. वर उसाचं पाचट, पेंढा किंवा वाळलेल्या पानांचा तीन-चार बोटं थर द्या. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं झालं तर धरलेली फळंही बुडाशी काळी पडतात.

आता परागीभवन. टोमॅटोच्या एकाच फुलात पराग आणि ते झेलणारी कुक्षी दोन्ही असतात, पण पराग नळीसारख्या कोषात असतात आणि ते हादऱ्याने सुटतात. भुंगे फुलाला बिलगून गुणगुणतात तेव्हा नेमकं हेच होतं. ते येत नसतील तर सकाळी आठ ते दहाच्या सुमारास आधाराच्या काठीला टिचक्या मारा, किंवा चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू घोसाच्या देठाला क्षणभर टेकवा. रोज करा. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका.

कळ्या दिसू लागताच लिटरला एक ग्रॅम बोरिक ॲसिडची फवारणी संध्याकाळी एकदा करता येते. मात्र तापून मेलेले पराग त्याने जिवंत होत नाहीत. उन्हाळ्यात पानंही छाटू नका, कळ्यांना तीच सावली.

पुढच्या वर्षी रोपांसाठी बी नोव्हेंबरमध्ये टाकून रोपं डिसेंबरात लावा, म्हणजे बराचसा फुलोरा कडक ऊन पडण्याआधीच येतो. उशिराच लावायचं झालं तर ‘पुसा सदाबहार’ किंवा ‘अर्का विकास’सारखे उष्णता सोसणारे वाण घ्या. छोटे चेरी टोमॅटोही मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा उन्हात बरे धरतात.

आणि मे महिन्यात एकही फळ धरलं नाही तरी निरोगी झाड उपटू नका. वळवाच्या सरींनी रात्री गार झाल्या की दहा-बारा दिवसांनी उमलणारी फुलं पाहा. त्यांच्या देठाशी हिरवे मणी दिसू लागतील.