शिवरात्र ते होळी: सोळा दिवसांची तयारी

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण खान्देशात चैत्राची वाट बघत बसलात तर हाती नुसत्या झळा लागतात. आपला वसंत महाशिवरात्रीला सुरू होतो आणि होळीला संपतो, जेमतेम सोळा दिवसांचा. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारचं ऊन वाळवणापुरतं कडक असतं आणि संध्याकाळी गच्चीवर निवांत बसता येतं. एवढं सगळं एकाच दिवसात मिळण्याचे हेच दिवस, आणि तयारी नसली तर ते गहू काढण्याच्या आणि परीक्षांच्या गडबडीत निघून जातात. म्हणून मी कामं आधीच लावून घेते.

पहिलं काम मोगऱ्याचं, तेही शिवरात्रीच्या आधी. आठवडाभर पाणी कमी करा, वाळक्या आणि आडव्या गेलेल्या काड्या छाटा, माती उकरून शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी द्या. पुढे उन्हाळाभर फुलं मिळतात. परसात गिलके, काकडी, भेंडी, गवार यांचं बी याच सुमारास टोचून घ्या. वेलाचा मांडव आताच उभा करा, वेल वर चढायला लागल्यावर खड्डे खणले की मुळं दुखावतात. चिमण्यांसाठी मातीचं परळ सावलीत ठेवा. ऊन तापायच्या आत त्यांना जागा माहीत झालेली बरी.

शिवरात्रीला कवठ आणालच, त्याची गूळ घालून चटणी होतेच. बाजारात गेलातच तर त्याच फेरीत भरताची वांगी बघा, कारण त्यांचा हंगाम आता संपत आलेला असतो. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वांगं ओळखायचं ते हातानेच. हिरवट-पांढरं, चकचकीत, आकाराने मोठं आणि उचलल्यावर वाटतं त्याहून हलकं हवं. जड वांग्यात बिया फार निघतात. वर्षातलं शेवटचं भरीत गॅसवर करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. कुणाच्या तरी शेतात जा. कपाशी उपटून झालेली असते, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. त्यांच्या जाळावर वांगं भाजलं की साल काळीकुट्ट होऊन सुटते आणि आतल्या गराला जो धुराचा वास लागतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. सोबत न्यायचं ते आठवणीने बांधा: हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, शेंगदाण्याचं तेल, मीठ आणि ठेचायला लाकडी मुसळी. हळद नको, भरताचा रंग तसाच राहू द्या. कळण्याच्या भाकरीचं पीठ दोन दिवस आधी दळून आणा. आमच्याकडे एक किलो ज्वारीला पाव किलो सालीचे उडीद आणि चवीपुरतं मीठ घालतात. पानं केळीची. ताटं नेलीत तर ती घासायला कुणाला तरी बसावं लागेल आणि त्या बाईचा दिवस वाया जाईल.

आता बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे उन्हात वाळवलेले पापड. माझ्या मते या सोळा दिवसांतलं सगळ्यात मोठं सुख हेच, आणि सगळ्यात जास्त तयारीही याचीच. उपास सुटला की ज्वारी भिजत घाला. तीन दिवस, रोज पाणी बदलून. आंबूस वास आला पाहिजे, कुबट नको. डागी दाणा आधीच निवडून टाका, नाहीतर बिबड्यावर ठिपके उमटतात. पुढे निथळून, जरा सुकवून रवाळ दळायचं आणि कोंडा चाळून काढायचा. आदल्या रात्री मोठं भगुणं, लांब दांड्याचा चाटू, ठेचलेला लसूण, जिरं, तीळ आणि मिरची चुलीजवळ मांडून ठेवा. कापड जुन्या धोतराचंच हवं, अनेकदा धुतलेलं. एका वर्षी मी घाईत नवीन कापड घेतलं, त्यातली खळ गेली नव्हती. एकही बिबडा अख्खा सुटला नाही.

या पिठाचा घट्ट घाटा पहाटे शिजवायचा, म्हणजे ऊन वर यायच्या आत थापून होतात. ओल्या कापडावर गोळा ठेवायचा, पाण्याचा हात लावत कडेकडेने पसरत न्यायचा. दुपारी कडा आपोआप उचलल्या जातात, तेव्हा कापड उलटं करून मागून पाण्याचा शिपका मारायचा आणि अलगद सोडवायचं. एकट्याने हे होत नाही. शेजारच्या काकू, जाऊबाई, नणंदबाई यांना चार दिवस आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या दिवशी आपणही जा. आणि सकाळी वाटीभर घाटा बाजूला काढायला विसरू नका. गरम घाट्यात मधोमध खळगा करून कच्चं शेंगदाणा तेल सोडायचं. मुलं त्यासाठी न उठवता उठतात. आभाळ आलेलं दिसलं तर मात्र ज्वारी भिजवूच नका. अवकाळीने ओले राहिलेले बिबडे बुरशी धरतात, मग सगळं मुसळ केरात.

मधला एक रविवार हिंडायला राखून ठेवा. आम्ही पाटणादेवीला जातो, चाळीसगावपासून अर्ध्या-पाऊण तासावर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख इथलाच, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. गणिताला घाबरणाऱ्या लेकराला तिथे उभं करून हे सांगा. उजाडताच निघा, पाणी भरपूर घ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. धबधब्याची आशा धरू नका, तो पावसाळ्यातला. पानगळीने जंगल मोकळं झालेलं असतं म्हणून पक्षी सहज दिसतात. वाळल्या पाल्यात काडी ओढायची नाही, चूल मांडायची नाही.

परतताना पळसाखाली थांबा. झाडावरची फुलं तोडायची गरज नाही, खालीच सडा असतो. पिशवीभर वेचून घरी सावलीत पसरवा. धुळवडीच्या आदल्या रात्री उकळून ठेवली की सकाळी पाणी गडद केशरी होतं. ते गाळायला बिबड्यांचं धोतर घेऊ नका, रंग कायमचा बसतो. एखादी जुनी ओढणी त्यासाठी आताच बाजूला काढून ठेवा.