उंदराचा सापळा लावायचा कुठं? आधी बांध फिरून बघा

सोयाबीन, भात निघालं की रानात उंदराला खायला काय राहत नाही, मग सगळी गँग बांधावर, उसाच्या कडेला, कडब्याच्या गंजीखाली सरकते. सापळ्याला हीच वेळ. गहू-हरभऱ्याचा दाणा भरला की सापळ्यातल्या भज्याकडं कोण बघतंय?

बरेच जण डझनभर सापळे आणतात आणि रानाच्या मधोमध टाकून मोकळे होतात. उंदीर उघड्यावर येत नाही, वर घुबड असतं ना, तो कडेकडेनं पळतो. मुरमाड, खडकाळ बाजूला फार वेळ घालवू नका, गवत वाढलेला रुंद बांध, पाटाची कड, गाळाची भुसभुशीत माती, तिथं बघा. संध्याकाळी दिसतील तेवढी बिळं मातीनं बुजवा, सकाळी जी उकरलेली असतील ती चालू. लहान घूस मात्र आत शिरली की बिळाचं तोंड स्वतःच बुजवून घेते, म्हणून बंद बीळ रिकामंच असं धरू नका, बाहेरच्या ढिगाची माती बोटानं चोळून बघा, ओलसर गडद असेल तर ताजी, वर कडक पापुद्रा नाहीतर कोळ्याचं जाळं असेल तर सोडून द्या.

बिळापासून गवतात चार बोटं रुंद घासून गुळगुळीत झालेली वाट सापडते, कडेला तिरपी कापलेली पिकाची ताटं पडलेली असतात. सापळा त्या वाटेला आडवा, आमिषाची बाजू वाटेकडं, आणि खाली नीट टेकवून, डगमगला तर उंदीर पाय ठेवणार नाही. नवीन वस्तूला तो बिचकतो, त्यामुळं पहिल्या दोन रात्री चाप न ओढता नुसतं सुकट नाहीतर भाजलेले शेंगदाणे ठेवा, तिसऱ्या रात्री ओढा.

रानाला पाणी दिलं की खालची बिळं भरतात आणि उंदीर उंचवट्याच्या कोरड्या बाजूला येतो, त्या रात्री सापळे तिकडं हलवा, ही संधी सोडू नका राव.

पहाटेच चक्कर मारा, पिंजऱ्यात मुंगूस किंवा धामण असेल तर लांबून काठीनं दार उघडून द्या, ती आपलीच माणसं. मेलेले उंदीर हातमोजे घालूनच उचला, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरापासून माणसाला होणारा ताप) धोका असतो, आणि खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात. शेजाऱ्यालाही त्याच आठवड्यात लावायला सांगा, नाहीतर त्याचे उंदीर तुमच्या मोकळ्या बिळात राहायला येतात.