नवी गाय आणताय? आधी क्षयाची चाचणी करून घ्या

लोणीच्या बाजारातून असो की शेजारच्या गावातून, गाय घेताना आपण कास बघतो, दात बघतो, समोर धार काढायला लावून दूध मापतो. क्षय यातल्या कशातच दिसत नाही. ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ हा जंतू अंगात असलेली गाय कितीतरी दिवस तुकतुकीत राहते, दूधही देते. कोरडा खोकला, खंगणे, गळ्याजवळच्या गाठी दिसू लागेपर्यंत दावणीतल्या इतर गाईंना लागण झालेली असू शकते. संकरित गाईंना तर देशी गाईंपेक्षा हा रोग लवकर धरतो.

आणल्यावर वेगळी बांधा

चाचणीचा निकाल लागेपर्यंत नव्या गाईची गव्हाण आणि पाण्याची बादली वेगळी ठेवा. खोकल्यातून उडणारे तुषार हाच लागणीचा मुख्य रस्ता आहे. गोठा हवेशीर हवा आणि त्यात ऊन यायला हवे.

डॉक्टरांना आधी विचारा

चाचणीला लागणारे ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूपासून काढलेले, टोचायचे द्रव्य) प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. एका बाटलीत अनेक जनावरांचे डोस असतात, त्यामुळे आजूबाजूच्या चार-पाच गोठ्यांनी एकच दिवस ठरवला तर सोयीचे पडते. गाय नुकती व्याली असेल तर महिना-दीड महिना थांबा. त्या काळात रोग असूनही चाचणी कोरी येऊ शकते.

टोचणी आणि मोजणी

मानेच्या मध्यावरचे केस कातरून डॉक्टर कातडीची घडी कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने, मोजतात. समजा 7 मिलिमीटर भरली. तो आकडा कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह लगेच वहीत लिहा. मग 0.1 मिलिलिटर ट्युबरक्युलिन कातडीच्या थरातच टोचतात, मांसात नाही. नीट टोचले असेल तर बोटाखाली बारीक वाटाण्याएवढी गुठळी लागते. ती लागली का, हे तिथेच विचारून घ्या.

पुढची मोजणी बरोबर 72 तासांनी. सोमवारी सकाळी टोचले तर गुरुवारी सकाळी, त्याच जागी. इथेच बहुतेकांचा आळस नडतो. लांबून बघून ‘सूज नाही’ म्हणायचे किंवा फोटो पाठवायचा, असे चालत नाही. कॅलिपर लावलाच पाहिजे. 7 चे 11 झाले, म्हणजे जाडी 4 मिलिमीटर किंवा जास्त वाढली, तर गाय बाधित धरतात. 2 पर्यंतची वाढ ठीक. मधली असेल तर किमान 42 दिवस थांबून पुन्हा चाचणी. पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून काढलेले ट्युबरक्युलिनही शेजारी टोचून केलेली तुलनात्मक चाचणी जास्त खात्रीची असते.

रोग फार पुढे गेलेल्या गाईची कातडी कधी कधी प्रतिसादच देत नाही. म्हणून खंगलेल्या, खोकणाऱ्या गाईवर कोऱ्या निकालानंतरही लक्ष ठेवा.

बाधित निघाली तर

ब्रिटनमध्ये अशी गाय कत्तलीला जाते आणि सरकार भरपाई देते. तिथे बिज्जू या रानटी प्राण्यातही हा रोग मुरलेला असल्याने एवढे करूनही तो संपलेला नाही. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी आहे आणि गाईवर क्षयाचे औषधोपचार करण्याची शिफारस नाही. मग उरते ते कायमचे विलगीकरण. पदरचा पैसा जातो हे खरे आहे, मन तुटते हेही खरे. तरीही गुपचूप बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नका. त्या घरातही दूध पिणारी पोरे असतात. वासराला लगेच वेगळे करून उकळून कोमट केलेले दूध पाजा.

घरच्यांसाठी

धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून गोठ्यातच पेला घेऊन उभी राहणारी मुले आपण पाहिली आहेत. ही सवय मोडा. दूध उकळले की जंतू मरतो. पंचामृतात आणि तीर्थात मात्र कच्चे दूध हमखास जाते. तिथेही उकळून गार केलेले वापरा.

घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, रोज संध्याकाळचा ताप किंवा मानेला गाठ असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. गोठ्यात बाधित गाय आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर मुळात चालतच नाही. आणि धार काढणाऱ्या माणसालाच क्षय असेल तर तो बरा होईपर्यंत गोठ्याचे काम दुसऱ्याकडे द्या. माणसाचा क्षयही गाईला लागतो.