कमी पैशांत थर्ड पार्टी झूम लेन्स कशी निवडावी

डीएसएलआरसोबत आलेली १८-५५ची किट लेन्स वर्षभर वापरली की तिच्या मर्यादा कळायला लागतात. आंब्यावर बसलेला धनेश फोटोत ठिपक्याएवढा दिसतो, नाहीतर हळदीच्या कार्यक्रमातले निम्मे फोटो हललेले येतात. कॅनन-निकॉनच्या लेन्सच्या किमती ऐकल्या की नजर सिग्मा, टॅमरॉन आणि टोकिना या, दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी (थर्ड पार्टी) लेन्स बनवणाऱ्या जपानी कंपन्यांकडे वळते. तिकडे वळण्यात कमीपणा काहीच नाही. पण निवड डोळसपणे केली नाही, तर वाचवलेले पैसे वाया जातात.

आधी आपलेच फोटो बघा

कॉम्प्युटरवर फोटोची माहिती उघडली की तो किती फोकल लेन्थला (मिलिमीटरमधलं झूमचं माप; आकडा मोठा तितकी वस्तू जवळ दिसते) काढलाय ते दिसतं. बरेचसे फोटो ५५ला आणि तरीही नंतर कापून मोठे केलेले असतील, तर तुम्हाला ७०-३०० हवी. अडचण घरातल्या आणि मंगल कार्यालयातल्या फोटोंची असेल, तर लांबचं झूम काहीच कामाचं नाही. तिथे १७-५० एफ/२.८ घ्या (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते). किट लेन्स ५५ला फार तर एफ/५.६पर्यंत उघडते. एफ/२.८ला तिच्या चौपट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे १/१५ सेकंद लागत होता तिथे १/६०वर काम होतं. सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस आणि टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ यांच्याइतकी पैसे वसूल करणारी लेन्स क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्याला दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘एकाच लेन्समध्ये सगळं’ हा मोह मात्र टाळा. टॅमरॉनची १८-४०० प्रवासात सोयीची आहे खरी, पण ४००ला ती एफ/६.३पर्यंतच उघडते. संध्याकाळ झाली की ती लांबी उपयोगी पडत नाही.

लेन्सवरची अक्षरं वाचा

टॅमरॉनवर नुसतं ‘डीआय’ असेल तर लेन्स फुल फ्रेमलाही (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यालाही) चालते, ‘डीआय टू’ फक्त क्रॉप सेन्सरसाठी. सिग्मात हेच अनुक्रमे ‘डीजी’ आणि ‘डीसी’. ‘डीआय थ्री’ आणि ‘डीएन’ या मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स, त्या डीएसएलआरला बसतच नाहीत. टॅमरॉनचं ‘व्हीसी’ आणि सिग्माचं ‘ओएस’ म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा.

ही यंत्रणा ७०-३००मध्ये किती महत्त्वाची आहे, ते हिशेब केला की कळतं. ३००ला निकॉनच्या क्रॉप बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) लेन्स ४५०सारखी वागते, त्यामुळे हातात धरून फोटो काढायचा तर शटर स्पीड साधारण त्याच आकड्याच्या आसपास, म्हणजे १/५०० हवा. भर उन्हात तो मिळतो, झाडीत मिळत नाही. टॅमरॉनच्या ७०-३००ची ए१७ आणि ए००५ ही दोन मॉडेल नीट ओळखा. जुनी, हलकी, स्वस्त ए१७ व्हीसीशिवाय येते; ए००५मध्ये व्हीसी आणि आवाज न करणारी मोटर आहे. आकडे तेच असल्यामुळे ‘एकच आहे हो’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. फुलं आणि किडे टिपायचे असतील तर ए१७ खरंच चांगली, कारण १८० ते ३००च्या दरम्यान मॅक्रोचं बटण दाबून ती वस्तूचं निम्म्या आकाराचं चित्र सेन्सरवर पाडते. पक्ष्यांसाठी मात्र थोडं थांबून पैसे साठवा आणि ए००५ घ्या.

निकॉनवाल्यांनी मोटर तपासा

डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीत फोकस मोटर नसते. लेन्समध्येही ती नसेल तर फोकस हातानेच करावा लागतो. ए१७ची जुनी निकॉन आवृत्ती आणि टोकिनाची पहिली ११-१६ अशाच आहेत. खात्रीचा उपाय एकच: आपली बॉडी सोबत न्या, लेन्स लावा आणि शटर अर्धं दाबून बघा. कॅननच्या ईएफ माउंटला (लेन्स बसवायच्या जोडणीला) हा प्रश्न नाही, कारण तिथे १९८७पासून मोटर लेन्समध्येच असते. मात्र फिल्मच्या काळातल्या काही सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर एरर देतात, तेव्हा त्याही लावूनच बघा.

वर्तमानपत्राची चाचणी

या लेन्सबाबतची खरी तक्रार नगानगातल्या फरकाची असते. एक नग उत्तम निघतो, त्याच मॉडेलचा दुसरा एका बाजूला धूसर. म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी ही चाचणी कराच.

छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर पानाला अगदी समांतर ठेवा, व्हीसी किंवा ओएस बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. ७०, १३५ आणि ३०० अशा तिन्ही ठिकाणी, दर वेळी पान चौकटीत भरेल इतक्या अंतरावरून, एकदा ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून आणि एकदा एफ/८ला फोटो घ्या. मग स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून चारही कोपऱ्यांतले फोन नंबर वाचा. चारही कोपरे सारखेच मऊ (किंचित धूसर) असतील तर चालेल, स्वस्त झूमकडून तेवढं अपेक्षितच आहे. डावीकडचे नंबर स्वच्छ आणि उजवीकडचे पुसट असतील, तर आतली काच जागेवरून सरकलेली आहे. असा नग ठेवू नका.

मधला भागच धूसर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून पुन्हा फोटो घ्या. त्यात स्वच्छ आला म्हणजे लेन्स ठीक आहे, फक्त व्ह्यूफाइंडरमधला फोकस पुढेमागे पडतोय. निकॉन डी७२०० किंवा कॅनन ७डीसारख्या बॉडीत तो मेनूतून जुळवता येतो. सुरुवातीच्या किमतीच्या बॉडीत ती सोय नसते, तिथे लेन्स बदलून घेणंच बरं.

जुनी घेताना

आता मिररलेसचा जमाना असल्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स वापरलेल्या स्थितीत भरपूर मिळतात. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार त्यासाठी फिरण्यासारखा आहे. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण बिनमहत्त्वाचे, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती फार पसरते आणि काचेवरचा लेपही खाते. किंमत कितीही कमी असो, अशी लेन्स सोडा. लेन्स खाली तोंड करून धरा. झूम आपोआप लांब होत असेल तर त्यावर भाव कमी करून मागा.

नवी घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. फिल्टरचा खर्चही आधीच धरा: ए१७ला ६२ मिमीचा लागतो, सिग्मा १७-५०ला ७७चा, आणि तो बराच महाग पडतो. घरी आणल्यावर पावसाळाभर ती कॅमेऱ्याच्या बॅगेत नको. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा.