पाईपची हिरवट पडलेली दांडी पुन्हा काळी करताना

तंबाखू ओढायच्या जुन्या पाईपची वाटी ब्रायर नावाच्या झुडपाच्या लाकडाची आणि दातांत धरायची दांडी बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. ऊन, हवा आणि दमटपणा यांमुळे त्याचा वरचा थर बिघडतो; काळीभोर दांडी आधी तपकिरी, मग शेवाळी दिसू लागते आणि ओठांना गंधकाची कडवट चव लागते. हा वरून बसलेला मळ नसल्यामुळे तेल चोळून तो झाकण्यात अर्थ नाही; तो थर काढूनच टाकावा लागतो. ॲक्रिलिकची दांडी अशी हिरवी पडत नाही, शिवाय स्पिरिटने तिला बारीक तडे जाऊ शकतात, तेव्हा दांडी कशाची आहे हे आधी ओळखावे.

पाईप पूर्ण थंड असतानाच दांडी हलके फिरवत काढावी. आतले भोक स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पाईप क्लीनरने, म्हणजे तंतू गुंडाळलेल्या लवचीक तारेने, तो स्वच्छ निघेपर्यंत, साफ करावे. ब्लीचमध्ये बुडवण्याचा झटपट उपाय मात्र टाळावा, कारण त्याने रंग उतरला तरी पृष्ठभाग खरबरीत होतो आणि घासणे वाढते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 400 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, पाण्यात भिजवून सुरुवात करावी आणि 600, 1000, 2000 असे अधिकाधिक बारीक कागदांकडे चढत जावे. पाण्यामुळे गंधकयुक्त धूळ उडत नाही. दर नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे आडवे उठून दिसतात व ते पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद घेण्याचा मोह होत नाही. येथे डोळे हमखास फसतात: ओली दांडी हिरवट असली तरी काळीच दिसते. म्हणून ती मधूनमधून कोरडी पुसून खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहावी. चावण्याच्या कडेलगतच्या खाचेत तपकिरी छटा सर्वांत शेवटपर्यंत टिकते.

लाकडात शिरणारे टोक मुळीच घासू नये, नाहीतर जोड सैल होतो. दांडी लाकडाला भिडते ती धारदार कड गोल झाली, तर तिथे कायमची फट दिसते. तेवढ्या भागापुरती दांडी पाईपला जोडून, लाकडावर चिकटपट्टी लावून घासणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. कंपनीचा ठसा उथळ असतो, त्यामुळे त्यावर फक्त 2000 नंबरचा कागद हलक्या हाताने फिरवावा.

शेवटी सुती कापडाने मोटारीचे पॉलिश चोळावे, दांडी साबणाने नीट धुऊन वाळवावी आणि कार्नौबा या वनस्पतिजन्य कडक मेणाचा पातळ हात देऊन चमक येईपर्यंत पुसावी. यंत्राच्या चाकाने काम लवकर होते, पण एबोनाइट उष्णतेने मऊ पडून वाकते. नवख्याने हातानेच करावे.

आजोबांचा पाईप नुसता आठवण म्हणून ठेवायचा असला, तरी तो उन्हासमोरच्या काचेच्या कपाटात न ठेवता बंद खणात ठेवावा. ओढत असल्यास दर वेळी दांडीवरची ओल पुसून घ्यावी.